व्याही-विहीण घानाला निघाले

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, युटा राज्यात असतो. सून तिथलीच, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरातली. तिच्या आईवडिलांनी पासष्टी ओलांडली आहे. व्याही यंदा निवृत्त झाले आणि आता दोघंही दीड वर्षासाठी घानाला ‘मिशन’वर निघालेत, तेही स्वतःच्या खर्चाने. सुनेला दिवस गेलेत. बाळंतपणाच्या वेळी विहीणबाई आफ्रिकेत असणार! या वयात परक्या देशात दिवसभर करणार काय? दारोदार धर्मप्रचार? नातेवाईक विचारतात, मला उत्तर सुचत नाही. खरं सांगायचं तर रागही येतो.
— एक विहीण, नाशिक

उत्तर : ताई, मी बरीच वर्षं सॉल्ट लेक सिटीजवळ राहिले. आमच्या गल्लीतली काही वयस्क जोडपी अशी जाऊन आली. शेजारचे आजी-आजोबा तर घानातल्याच केप कोस्टला होते आणि आजी आम्हा शेजारणींना तिथून लांबलचक ईमेल लिहायच्या. त्यांचा दिवस कसा जायचा, तेच सांगते.

काळी नावपट्टी लावून जोडीने प्रचाराला फिरतात ती तरुण मुलं. वयस्क जोडप्यांकडून दारोदार फिरण्याची अपेक्षा नसते. त्यांचं वेळापत्रकही मुलांइतकं कडक नसतं. आजोबांनी आयुष्यभर हिशेबाचं काम केलेलं, म्हणून त्यांच्याकडे मिशनच्या कार्यालयातली घरभाडी, वीजबिलं आणि मुलांचा महिन्याचा खर्च आला. आजींकडे मुलांची बिऱ्हाडं. दोघं गाडी काढून गावोगावच्या खोल्या तपासायला जात. पाण्याचा फिल्टर बदलला का, मच्छरदाणी फाटली का, मलेरियाची गोळी रोज घेतली जाते का. मुलं एकोणीस-वीस वर्षांची, बहुतेक जण घरापासून पहिल्यांदाच इतकी लांब. एखादा तापाने फणफणला की त्याला दवाखान्यात न्यायचं, रात्री उशाशी बसायचं आणि सकाळी त्याच्या आईला फोन करायचा. आजींच्या ईमेलमध्ये सगळ्यात जास्त जागा या मुलांनाच असे.

बाकीचा वेळ संसारातच जायचा. वीज गेली की पाण्याचा पंप बंद, म्हणून टाकी आधीच भरून ठेवायची. बाजारातून टोमॅटो, मिरच्या आणि याम नावाचा मोठा कंद आणायचा. शेजारणीने त्यांना जोलोफ भात शिकवला. टोमॅटोच्या रश्शात शिजवलेला तो तिखट भात त्या परत आल्यावरही आम्हाला करून घालत. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमटान वारा येतो, तेव्हा दिवसातून दोनदा फडकं मारूनही टेबलावर धुळीचा थर. संध्याकाळी आजी प्रार्थनाघरातल्या मुलामुलींना की-बोर्ड शिकवत. रविवारी दोन तासांची उपासना, तिथे प्रसाद म्हणून पावाचा तुकडा आणि पाणी. वाइन नाही, कारण दारूच काय, चहा-कॉफीही या लोकांना वर्ज्य.

घानात या पंथाची सुरुवात कशी झाली, हेही नातेवाइकांना सांगा. केप कोस्टचे जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी अमेरिकेतून कोणी यायच्या कितीतरी आधी, केवळ ग्रंथ वाचून, स्वतःच मंडळ्या उभ्या केल्या होत्या. त्या काळी काळ्या पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य मिळत नसे. ती बंदी अन्यायाचीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे. १९७८च्या जूनमध्ये ती उठली आणि नोव्हेंबरमध्ये घाना व नायजेरियाला पहिली पाठवली गेली ती दोन वयस्क जोडपीच, मेबी आणि कॅनन. पुढे १९८९ साली घाना सरकारने चर्चच्या कामावर बंदी घातली. ती १९९०च्या नोव्हेंबरमध्ये उठेपर्यंत लोक घरातच प्रार्थना करत राहिले. २००४ साली राजधानी अक्रात या चर्चचं मंदिर झालं. तेव्हा तुमचे व्याही कुठल्या ओसाड रानात जात नाहीयेत, तिथे त्यांची वाट पाहणारी माणसं आहेत.

हे सगळं निव्वळ समाजकार्य आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. आपलाच मार्ग खरा, अशी या लोकांची श्रद्धा असते आणि तो इतरांनी स्वीकारावा अशी मनापासून इच्छाही. तुमच्या पत्रात लिहिलं नसलं, तरी नातवंडाचा धर्म कोणता, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. मॉर्मन घरात बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, त्यामुळे बोलायला वेळ आहे. पण ते बोलणं मुला-सुनेशी करा. व्याह्यांच्या घानाला जाण्याशी त्याचा संबंध जोडू नका.

आता रागाचं. आमच्या गल्लीत लोक या दीड वर्षासाठी कितीतरी आधीपासून पैसे बाजूला टाकत. भाडं, किराणा, प्रवास, सगळं स्वतःच्या पुंजीतून. वैद्यकीय तपासणीचे कागद भरून झाले की मग सॉल्ट लेकहून, चर्चच्या मुख्यालयातून, पत्र येतं, कुठे जायचं ते सांगणारं. तुमच्या विहीणबाईंनी लेकीकडे पाठ फिरवली, असं म्हणणं मला पटत नाही. नातवंडाचा पहिला चेहरा फोनवर बघायचा, हे त्यांनाही जड जाणारच. महत्त्वाच्या कौटुंबिक प्रसंगी परवानगी काढून, स्वखर्चाने थोडे दिवस घरी येण्याची सोय अशा जोडप्यांना असते. त्या ती घेणार आहेत का, हे त्यांनाच विचारा. मनात तर्क करत बसू नका.

आणि बाळंतपणाला तुम्ही का जात नाही? व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात भरा. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा यांची सुनेला आवड आहे का, तिचे डॉक्टर काय म्हणतात, हे आधी विचारा. विहीणबाईंनाही निघण्यापूर्वी एक फोन करा. लेकीला काय आवडतं, ती कशाने घाबरते, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. त्या घानात पोचल्यावरही बोलत राहा. तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी बारा वाजता फोन केलात तर तिथे सकाळचे साडेसहा. त्यांचा दिवस सुरू व्हायच्या आत निवांत बोलणं होईल.