पालकांचे प्रश्न: शाळा चांगली आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळा नीट बघून घेतली होती, बिल्डिंग मस्त, वर्गात डिजिटल बोर्ड, पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो येतात. पण पोरगी पाण्याची बाटली भरून नेते ती जवळपास तशीच परत आणते आणि घरी आली की दप्तर टाकून आधी बाथरूमकडे पळते. विचारलं तर म्हणते टॉयलेट घाण असतं, कडी लागत नाही, आणि तास चालू असताना बाई सोडत नाहीत. वह्या एकदम टापटीप, पानोपानी व्हेरी गुड, पण पुस्तकाबाहेरचं काही वाचायला दिलं की अडखळते. नवरा म्हणतो तू उगाच खुसपटं काढतेस. शाळा बदलू का?
– एक आई

उत्तर: खुसपटं नाहीयेत ही. उलट तुम्ही बरोबर जागी बघताय, बाकी लोक डिजिटल बोर्ड बघून खूश होतात.

आधी टॉयलेटचं बोलू कारण ते जास्त अर्जंट आहे. लघवी लागू नये म्हणून पाणीच न पिणं हे लहान मुली सर्रास करतात आणि घरी सांगतही नाहीत, तुमची बोलली हे नशीब. सारखं दाबून धरल्याने लघवीचं इन्फेक्शन होऊ शकतं, बद्धकोष्ठता होते, आणि पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, मग तीच मुलं 'वर्गात लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातात. जळजळ, ताप, पोटात दुखणं असलं काही असेल तर शाळेचं नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेचं शाळांसाठीचं साधं माप आहे, 25 मुलींमागे एक टॉयलेट, मुलांसाठी 50 जणांमागे एक टॉयलेट आणि एक मुतारी. पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, कडी लागते का, पाणी आहे का, साबण आहे का, दिवसातून किती वेळा साफ होतं हे बघायचं, आणि बघायला जायचं ते मधल्या सुट्टीनंतर. पालकसभेच्या दिवशी सकाळी सगळंच चकचकीत असतं. तुमच्या मिस्टरांनाच पाठवा की, मुलींच्या टॉयलेटमध्ये त्यांना जाता येणार नाही पण तिथली जबाबदारी कोणाकडे आहे एवढं तर विचारता येईल, आणि उत्तर द्यायला ऑफिसात किती जण एकमेकांकडे बघतात त्यावरून बरंच कळतं.

आता अभ्यासाचं. टापटीप वही हे शिकल्याचं लक्षण नाही, बऱ्याचदा ते फळ्यावरून नीट उतरवून घेतल्याचं लक्षण असतं. मला तर दुसरीच्या वहीत एकही चूक दिसली नाही की शंकाच येते. चुका कुठे आहेत, बाईंनी त्यावर काय लिहिलंय, आणि तीच चूक महिन्याने गेली का, हे शोधा. वाचनाचं तुम्ही केलंत तेच बरोबर, न पाहिलेला छोटासा मजकूर द्या, वाचून झाल्यावर 'काय झालं यात' एवढंच विचारा. धडा पाठ झालेला असला की मूल वाचतंय असं वाटतं आणि ही फसगत फार मोठ्या प्रमाणावर होते, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी साधारण 70 टक्क्यांना साधा मजकूर वाचून समजत नाही असा जागतिक बँक आणि युनिसेफ वगैरे संस्थांचा 2022 चा अंदाज होता, आणि यातली बरीचशी मुलं रोज शाळेत जाणारी आहेत. तुमची दुसरीतच आहे, अजून वेळ आहे, पण 'पुढे येईल आपोआप' यावर सोडू नका.

वर्गात मागे बसून बघायची परवानगी मिळाली तर एकच गोष्ट बघा, बाई प्रश्न विचारल्यावर किती थांबतात. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले की उत्तरं मोठी येतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. खर्च शून्य. अर्थात वर्गात पन्नास मुलं कोंबली असतील तर बाईंना तरी किती दोष द्यायचा, एकीला सोडलं की दहा जणी रांगेत उभ्या राहतात, म्हणून तासाला सोडत नसतील. तो प्रश्न मुख्याध्यापिकांचा आहे.

शाळा लगेच बदलू नका. आधी वर्गशिक्षिकेशी एकटीने बोला, ग्रुपवर नको, तिथे टाकलं की शाळा बचावाला उभी राहते आणि राग पोरीवर निघायची भीती. मग मुख्याध्यापिकांना लेखी द्या, दोनच मागण्या: कडी-पाणी-सफाई, आणि तास चालू असतानाही टॉयलेटला जायची मुभा. कडी बसवायला पंधरा दिवस पुष्कळ झाले. तेवढ्यात ती बसली नाही तर नवीन शाळा बघायला लागा. मारणं, वर्गासमोर अपमान करणं, घाबरवणं असलं काही कळलं तर मात्र पंधरा दिवसही थांबायचं नाही.

आणि बोलायला जायच्या आधी मुलीला सांगून जा, की मी हे विचारणार आहे, तुझं नाव पुढे आलेलं चालेल ना. नको म्हणाली तर आणखी एकदोन आयांना सोबत घ्या.