वडील गेले, घराला कुलूप लागणार, आणि सगळे म्हणतात आभार मान. ख्रिस्ती माणसाने या शरदात बदल कसा स्वीकारायचा?

ताई, पहिली गोष्ट ही की तुम्हाला आभार मानवत नाहीत म्हणून तुमचा विश्वास कच्चा आहे, असं मला अजिबात वाटत नाही. आषाढात वडील गेले. दिवाळीनंतर भाऊ आईला सुरतला नेणार, शेत बटाईने देणार, शहाद्याजवळच्या घराला कुलूप लागणार. त्यात मोबाईलवर रोज कुणीतरी लाल-पिवळ्या पानांची चित्रं पाठवतं: झाड जसं पानं सोडतं तसं तुम्हीही सोडून द्या आणि देवाचे आभार माना. हे आभार खोटे वाटतात, मग ख्रिस्ती माणसाने करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

ती चित्रं थंड देशांतली आहेत. तिथे ऑक्टोबरात पानं खरंच गळतात आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्यातून धीर मिळत असेल तर चांगलंच आहे. पण आपला सातपुड्यातला साग उघडा पडतो तो माघ-फाल्गुनात. आश्विन-कार्तिकात खानदेशात गळत काहीच नाही, उलट सगळं घरात येत असतं. ज्वारी-बाजरी खळ्यावर, मका अंगणात, कपाशीचा पहिला वेचा. मी नंदुरबारला राहते. दसऱ्याच्या सुमारास इथे मिरचीची आवक सुरू होते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागा पथाऱ्यांनी लालभडक होतात. तोंडाला फडकं बांधून बाया दिवसभर मिरच्या पसरतात, खालच्या वर करतात, सडकी-डागी वेचून बाजूला टाकतात. वाऱ्याची झुळूक आली की रस्त्याने जाणारासुद्धा ठसकतो. आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण अवकाळीची एक सर पथारीवरचा माल काळा करून जाते.

भरलेले हात आणि पोटात गोळा, हे दोन्ही एकाच वेळी. आपला शरद असा असतो. मला तुमची अवस्थाही तशीच दिसते. वडिलांनी उभं केलेलं सगळं तुमच्यासमोर आहे आणि ते हातातून जातंय.

पवित्र शास्त्रातही शरदातला एक मोठा सण आहे, आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्यावर फार कमी बोललं जातं. लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून सात दिवस मांडवांचा सण पाळायला सांगितलंय. धान्य खळ्यावरून घरात आलंय, द्राक्षारस काढून झालाय, वर्षातले सगळ्यात भरल्या घराचे दिवस. आणि नेमक्या त्याच दिवसांत देव लोकांना म्हणतो, पक्कं घर सोडा आणि फांद्या-झावळ्यांच्या मांडवात राहा. कशासाठी? मिसर देशातून बाहेर काढलं तेव्हा त्यांचे वाडवडील असेच मांडवांत राहिले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून. म्हणजे भरल्या घरात बसून आठवायचं ते बेघर असतानाचं. तेव्हाही देव सोबत होता, हे अंगावर घेऊन आठवायचं.

पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26वा अध्याय तर तुम्ही आईसोबत बसून वाचाच. पहिला उपज टोपलीत घालून याजकाकडे न्यायचा, आणि टोपली दिल्यावर नुसतं 'देवा, धन्यवाद' म्हणून परत यायचं नाही. अख्खी हकीकत सांगायची: माझा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आम्हाला छळलं, राबवलं, आम्ही देवाचा धावा केला, त्याने आमचं दुःख पाहिलं, आम्हाला इथे आणलं, आणि आता हे बघ, या जमिनीचं पहिलं फळ मी आणलंय. त्यात गुलामी गाळलेली नाही, रडणंही गाळलेलं नाही. मला वाटतं ख्रिस्ती उपकारस्तुती ती हीच. जे वाईट झालं त्याला चांगलं म्हणायची सक्ती त्यात कुठेच नाही.

आमच्या घरात ही हकीकत पणजीपासून सुरू होते. 1899-1900 च्या छप्पनियाच्या दुष्काळात ती लहानपणीच पोरकी झाली आणि मिशनच्या अनाथालयात वाढली. हंगामाच्या सणाला मंडळीत बाजरीची कणसं, भुईमूग, पपया, केळीचा घड, बोंडांसकट कपाशीची फांदी असं सगळं वेदीपुढे मांडलं जायचं, आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव व्हायचा. पणजीची टोपली असायची बाजरीची. टोपली ठेवताना तिची आई कशी गेली, भाऊ कुठे चुकला, हे ती सांगायची आणि शेवटी म्हणायची, "देवनी निभाई लिधं." हे मला आजीने सांगितलं, आजी तिच्या पदराला धरून उभी असायची. दुष्काळ पडला ते बरं झालं, असं पणजी कधीच म्हणाली नाही. त्या दुष्काळातून देवाने तिला निभावून नेलं, एवढंच ती म्हणाली आणि त्याबद्दल आयुष्यभर उपकार मानत राहिली.

म्हणून प्रेषित पौलाचं 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे वचन तुमच्या तोंडावर फेकणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. ते वचन खरंच आहे, मी त्यावर जगते. पण ज्या थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने ते लिहिलं, तिथून त्याला स्वतःला रातोरात निघावं लागलं होतं, आणि मागे राहिलेल्यांचा छळ चालू होता. सुखात बसून दिलेला तो उपदेश नव्हे. आणि प्रभूकडे पाहा. योहान 11 मध्ये लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला. थोड्याच ओळींनंतर त्याच कबरेपाशी वर पाहून तो पित्याचे उपकार मानतो. शत्रूंच्या हाती धरून दिला गेला त्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकार मानले आणि मोडली. प्रभुभोजनाला आपण जातो तेव्हा त्या रात्रीचे आभार आपल्या हातात येतात. रडून झाल्यावरच आभार मानायचे असा त्याचा क्रम नव्हता, मग तुमच्यावर तरी कुणी का लादावा?

आता करण्यासारखं. घर बंद व्हायच्या आधी एक संध्याकाळ ठेवा. पाळकांना बोलवा, शेजाऱ्यांना बोलवा, भावाला आवर्जून बसवा. टोपलीत शेतातलं जे असेल ते ठेवा, पहिल्या वेच्याचा कापूस का असेना. मग आईला बोलू द्या. हे घर कसं उभं राहिलं, कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणत्या खोलीत कोण जन्मलं, तुमचे वडील शेवटचे दिवस कुठे झोपून होते. ती रडली तर मध्येच भजन सुरू करून तिला गप्प करू नका. आपल्याकडे हे फार होतं आणि मला ते मुळीच पटत नाही. शक्य असेल तर मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, नातवंडं पुढे ऐकतील.

दुसरं, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. तुम्ही ओझरतं लिहिलंय की वडिलांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, बरीच वर्षं तुमच्याकडे आहे. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. मध्येच शेत बटाईने गेलं तर त्याचं काय? बदल तुमच्या एकट्याच्या घरात होत नाहीये. 'अनुवाद' पुस्तकात त्याच मांडवांच्या सणाच्या आनंदात दास-दासी, उपरी, पोरके, विधवा या सगळ्यांना नाव घेऊन बसवलंय. तेव्हा भावाशी बोला. आखाजीपर्यंतचा त्याचा हिशोब पुरता करा, नाहीतर बटाई घेणाऱ्याकडे त्याचं काम पक्कं करून द्या. त्या संध्याकाळी त्याला सहकुटुंब बोलवा आणि ओट्यावर नाही, तुमच्या पंगतीला बसवा. वडिलांबद्दलची कृतज्ञता दाखवायची याहून सरळ वाट मला दिसत नाही.

शेत रिकामं देऊ नका असंही म्हणेन. हरभरा-गव्हाच्या पेरणीचे दिवस आलेतच. बटाईदार पेरणार असेल तर पहिली मूठ आईच्या हातून पडू द्या. गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच पुष्कळ पीक देतो, हे प्रभूचं बोलणं तिने जन्मभर ऐकलंय. त्या दिवशी ते तिला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

राहता राहिली सुरत. उधना-लिंबायत भागात आपली खानदेशी माणसं खूप आहेत, त्यामुळे अहिराणी बोलायला आईला कुणी ना कुणी भेटेल. उपासना मराठीत कुठे होते याची चौकशी मात्र निघण्याआधीच करा. या वयात गुजराती उपासनेत ती नुसती बसून राहील, गाणार नाही, आणि न गाता तिचा रविवार कोरडा जाईल. इथल्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र घ्या. तिचं गीतांचं जुनं पुस्तक आणि मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र सामानाच्या तळाशी नको, हातातल्या पिशवीत ठेवा. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. तोवर तिचं नाव तिथल्या मंडळीत घातलंत तर नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या मुलांच्या यादीत तुमच्या भावाचा पत्ताही येईल. आईला आधीच सांगून ठेवा, पोरं येतील, काहीतरी गोडधोड करून ठेव.