सेन्सर आले, मग माणूस कशाला?

प्रश्न : मुलगी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७२ टक्के. पावसाळी नाल्यांतून आणि भरून वाहणाऱ्या ड्रेनेजमधून शहरातल्या नदीत काय काय मिसळतं, ते मोजायचं म्हणते. हे काम आता सेन्सरच करतात ना? लोकांना काय सांगू, मुलगी गटाराचं पाणी भरते? मी तिच्या नावाने डेटा सायन्सचा अर्ज भरून टाकलाय. तिला अजून सांगितलेलं नाही. कसं समजवावं?
– एक पालक

उत्तर : नमस्कार.

टक्के ठीक आहेत. मी अडखळले ती 'तिला अजून सांगितलेलं नाही' या वाक्यावर. विशीतल्या मुलीचा अर्ज परस्पर भरायचा आणि वर समजवायचं कुणाला, तर तिला! तुमच्या अख्ख्या पत्रात तिला हे काम का आवडतं याबद्दल एक ओळ नाही. विचारलंत का कधी? आणि लोकांना खरं ते सांगा : हो, गटाराचं पाणी भरते.

आता सेन्सर. पाण्यात सोडलेल्या प्रोबवर, म्हणजे सेन्सरच्या मोजणाऱ्या टोकावर, काही दिवसांतच बुळबुळीत थर चढतो आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागतो. नदी गुदमरतेय की प्रोब मळलाय? काठावर उतरून, तो पुसून, पुन्हा कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी जुळवून घेतल्याशिवाय, कळत नाही. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजायला, आजही बाटली २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवतात. ई-कोलायचं (मैल्यातून येणाऱ्या जिवाणूचं) सॅम्पल बर्फात घालून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावं लागतं. खरी घाण येते ती जोरदार सरीच्या सुरुवातीला. महिन्यातून एकदा कोरड्या दुपारी बाटली भरणाऱ्याला ती दिसतही नाही. पावसाच्या पाण्याने क्षार पातळ होऊन नदीची विद्युतवाहकता उतरते. ती उतरत असताना मैल्यातून येणारा अमोनिया चढला, तर वरच्या अंगाला कुठेतरी ड्रेनेज फुटून वाहतंय, असा संशय घ्यायचा. आकडे सेन्सर देतो, संशय माणसाला यावा लागतो.

अमेरिकेच्या वायव्य भागातल्या शहरी ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सामन मासे पटापट मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडेना. २०२० मध्ये सापडलं : टायर टिकावेत म्हणून त्यांत घालतात ते रसायन ओझोनशी संयोग पावून विषारी होतं आणि रस्त्यावरून वाहत ओढ्यात उतरतं. पाण्यातल्या असंख्य रसायनांतून ते एक हुडकून काढणं हे रसायनशास्त्राचं काम होतं. तुमच्या मुलीच्याच विषयाचं.

पर्यावरणशास्त्र किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी., त्यासाठीच्या प्रवेश परीक्षा, हा रस्ता तिला ठाऊक असेलच. डेटा सायन्सही वाया जाणार नाही; दर १५ मिनिटांनी येणारे आकडे कुणीतरी वाचायला हवेतच. पण ते तिने निवडावं.

तिलाही मला एक सांगायचंय : या कामात कंत्राटी नोकऱ्या बऱ्याच, आणि पाऊस रात्री दोनला आला तर दोनला निघावं लागतं. ते चालणार असेल तर पुढचं पत्र तिचं येऊ दे. तुम्ही मात्र आज त्या अर्जाची पावती तिच्या हातात द्या.