बोर्ड बदला, विंडोज राहू द्या

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपचे निम्मे यूएसबी पोर्ट मेलेत आणि हल्ली बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय तो सुरू होत नाही. इंटेल काढून एएमडीचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर घेतलाय. विंडोज ११ आहे. सगळे म्हणतात, विंडोज नव्याने टाकावंच लागेल. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअरं परत बसवणं माझ्याच्याने होणार नाही. काही मार्ग आहे?

उत्तर : आहे. ही भीती विंडोज एक्सपीच्या जमान्यातली. तेव्हा नव्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीपासून नसला की विंडोज कोलमडून निळा पडदा ठरलेला. आता एएचसीआय आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतींचे ड्रायव्हर विंडोजमध्येच असतात. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी बहुतेक वेळा ते मुकाट्याने उठतं.

खरी अडचण कुलपांची आहे. जुना बोर्ड अजून धुगधुगी धरून आहे तोवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, ते बघा. ‘मी कधी चालूच केलं नाही’ यावर विसंबू नका, ते आपोआपही चालू झालेलं असतं. त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएमशी, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपशी बांधलेली. नवा बोर्ड दिसला की ते थेट ४८ आकडी रिकव्हरी की मागणार. ती कागदावर उतरवा. मी तर म्हणेन, एन्क्रिप्शन पूर्ण बंदच करा, वेळ लागला तरी लागू द्या. विंडोज उघडायचा पिनही टीपीएमवरच चालतो, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय ना, तेही आजच तपासा. पिनच्या सवयीने पासवर्ड विसरलेले लोक थोडेथोडके नाहीत!

दुसरं कुलूप परवान्याचं. विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. बोर्ड बदलल्यावर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय मिळतो. मात्र तयार संगणकासोबत आलेला ओईएम परवाना जुन्या बोर्डाबरोबरच संपतो. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना नव्यावर नेता येतो.

डेटाचा बॅकअप घ्या, हे सांगायला नकोच.

आता डिस्कचा मोड. जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तो एएचसीआयऐवजी रेड किंवा व्हीएमडी असेल, तर विंडोजला डिस्क न सापडून ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही चूक येण्याचा धोका असतो. त्यावर जुना पण नामी उपाय : बोर्ड काढण्याआधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनातून सेफ बूटवर (मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होण्याच्या पर्यायावर) खूण करून संगणक बंद करा. नव्या बोर्डावर पहिल्यांदा सेफ मोडमध्ये उठल्यावर विंडोज स्वतःच योग्य ड्रायव्हर धरतं. मग सेफ बूटची ती खूण काढून पुन्हा सुरू करा. नव्या बोर्डात सुरू होण्याची युईएफआय ही नवी पद्धतच राहू द्या, लेगसी या जुन्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. एफटीपीएम, म्हणजे एएमडीचं अंगभूत टीपीएमही चालू ठेवा.

नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या बोर्डाचं लॅन किंवा वायफाय विंडोजला ओळखता आलं नाही, तर बाकीचे ड्रायव्हर उतरवायला इंटरनेटच नसेल. इंटेलची जुनी युटिलिटी सॉफ्टवेअरं नंतर सावकाश काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली जुनी उपकरणं दिसतील, ती पडून राहिली तरी काही बिघडत नाही.