जुने घर उकलताना : वाचकांचे प्रश्न

होळी झाली की गावोगाव जुनी घरे पाडायला निघतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

चार खणांचे मातीचे घर आहे. वर देशी कवेलू (कौले), खाली सागाच्या मयाली (भिंतीवर टेकलेल्या जाड आडव्या तुळया) आणि फाटे (छपराचे उतरते वासे). घरकुलाच्या यादीत नाव आले आहे. जेसीबीवाला अर्ध्या दिवसात जागा मोकळी करून देतो म्हणतो. माणसे लावणे परवडेल का?
— शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

आधी कागदाचे. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) मंजुरीपूर्वी लाभार्थ्याचा सध्या राहत्या घरापुढे जिओ-टॅग फोटो घेतात. तो होऊन मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत एक कवेलूही हलवू नका. मग महावितरणकडे अर्ज करून वीजजोडणी खांबावरूनच काढून घ्या. नुसते मीटर बंद करून भागत नाही, भिंतीपर्यंतची तार जिवंतच राहते.

जेसीबीचे बकेट लागले की मयाल मधोमध मोडते आणि कवेलूंचा भुगा मातीत मिसळतो. मग ती माती ना भिंतीच्या कामाची ना शेताच्या. चार माणसांचे सहा ते आठ दिवस धरा. त्यातला एक तरी दरवर्षी घरे फेरणारा (कवेलू काढून पुन्हा नीट बसवणारा) असावा, कारण कवेलूवर पाय कुठे द्यायचा हे त्याला सांगावे लागत नाही.

क्रम बांधणीच्या उलटा. दारे-खिडक्यांची पल्ले आधी काढा, पण चौकटी राहू द्या. वरच्या भिंतीचा भार त्यांच्यावर आहे. कवेलू आढ्याकडून खाली उतरवा आणि दोन्ही उतार बरोबरीने मोकळे करा. एकच बाजू रिकामी केली तर दुसऱ्या बाजूचा भार आढ्याला ओढतो आणि जुनी खुंटी सुटते. उभे राहायला फाट्यांवर आडवी फळी टाका. कमच्यांवर (कवेलूखालच्या बांबूच्या पट्ट्यांवर) पाय दिला की माणूस खाली गेलाच समजा. उतरवलेले कवेलू कडेवर उभे, ओळीने लावा. आडवी थप्पी मारली तर खालचे थर वजनानेच तडकतात. हातमोजे घालूनच काम करा, कवेलूखाली विंचू हमखास निघतो.

कवेलूंनंतर कमच्या, फाटे, आढे आणि शेवटी मयाल उतरवा. दहा फूट लांब, आठ बाय सहा इंचांची सागाची मयाल साठ-पासष्ट किलो भरते. तिची टोके भिंतीत रुतलेली असतात. आधी टोकांभोवतीची माती उकरून मोकळी करा, दोन्ही टोकांना दोर बांधा, मगच उचला. रुतलेल्या मयालीला सब्बल (पहार) लावून रेटले तर भिंतीचा माथा आणि मयाल एकदमच खाली येतात.

भिंत वरून खाली, हात-हातभर थराने उतरवा. बुडाशी पोखरून ढकलण्याची घाई अनेकांना असते आणि माणसे दबतात ती तिथेच. छप्पर गेल्यावर भिंतीला वरून धरून ठेवणारे काही उरत नाही. मध्ये अवकाळी पाऊस आला तर माती पूर्ण सुकेपर्यंत भिंतीजवळ कोणाला जाऊ देऊ नका.

वाड्याचे सागवान एक व्यापारी उक्ते मागतो आहे. भाव बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखायचे?
— ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उक्ते देऊच नका, घनफुटावर बोला. चौकोनी लाकडासाठी लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 144 ने भागा. बारा फूट लांब, सात बाय सात इंचांची मयाल म्हणजे 588 भागिले 144, सुमारे 4.08 घनफूट. गोल लाकडाला मधोमध दोरी गुंडाळून घेर घेतात आणि घेराचा चौथा हिस्सा रुंदी व जाडी म्हणून धरतात. तेवढ्याच लांबीच्या, अठ्ठावीस इंच घेराच्या लाकडाचे मोजही 4.08 च येते, पण प्रत्यक्षात लाकूड त्याच्या सव्वापटीहून थोडे जास्तच असते. हा फरक तासकामात जाणारा म्हणून धरण्याची रीत आहे. व्यापारी त्यावर आणखी घट मागत असेल तर ती देऊ नका. खाचा आणि भोके मात्र वजा होतील, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

मोजण्यापूर्वी लाकूड वाजवून पाहा. हातोडीला टणक आवाज आला तर ठीक, बद आला तर आत पोकळ. भिंतीत गेलेली टोके आरीने (टोकदार टोच्याने) टोचा. तिथे हवा लागत नाही, ओल मुरते, त्यामुळे सरळ दिसणारी मयालही टोकाला फूटभर कुजलेली निघू शकते. तेवढी लांबी मोजातून काढा. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. बाहेरचा पांढुरका थर मात्र ती खाते. तो तासून काढला की आतले लाकूड बहुधा शाबूत असते.

स्वतः वापरायचे असेल तर खिळे निघेपर्यंत आरा मशीनवर नेऊ नका. एका खिळ्यात पाते जाते आणि नंतर मशीनवाला तुमचे लाकूड घेत नाही. टोकदार बाजूने ठोकून डोके वर काढा, मग ओढा. मोडून आत राहिलेले खिळे चुंबक फिरवून शोधा. घुण लागलेल्या तुकड्यांना दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन-तीन हात द्या. हे पावसाने धुऊन जाते, म्हणून छपराखालच्या लाकडालाच.

आणि परवाना. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये इमारती लाकडाच्या व्याख्येत कापलेले, घडवलेले लाकूडही येते. जुने म्हणून ते सुटत नाही. घर उभे असतानाच फोटो काढा, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि दाखला घ्या आणि गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा. घर पाडून झाल्यावर ‘हे लाकूड माझ्या घरातलेच’ हे सिद्ध करणे अवघड जाते.

जुन्या विटांवर पांढरी पूड येते. धुऊन वापराव्या का?
— ता. दर्यापूर, जि. अमरावती

हा लोणा. तुमचे गाव खारपाणपट्ट्यात असल्याने जमिनीतला क्षार ओलीबरोबर विटेत चढतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात भिजवल्या तर क्षार आणखी वाढेल. साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्यात एक दिवस बुडवा, सावलीत वाळवा, पूड झाडा. ती पुन्हा उमटली तर पाणी बदलून परत भिजवा. दोन-तीन खेपांनंतरही येत असेल तर ती वीट गिलाव्याच्या भिंतीत घालू नका, गिलावा फुगून सुटेल. ओटा किंवा जमिनीखालचा भराव यासाठीही नको, तिथून ओल तिला पुन्हा गाठते. कुंपणाच्या उघड्या भिंतीला चालेल.

बाकी विटा अशा निवडा : दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. तीन-चार फुटांवरून मातीवर टाकली तर फुटू नये. दिवसभर भिजल्यावर वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढू नये. मातीचा किंवा चुन्याचा सांधा बसुल्याने सहज निघतो. सिमेंटचा सांधा विटेहून कडक असतो, तोडताना वीटच फुटते. त्या विटा मोजणीत धरू नका.

दोन घरांचे इंग्रजी (कारखान्यात साच्यातून काढलेले) कवेलू एकाच छपराला लावता येतील का?
— ता. मूल, जि. चंद्रपूर

दर कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, खाच खाचेत बसत नाही आणि पाणी शिरते. कवेलूच्या पाठीवरचे नाव पाहून वेगवेगळे ढीग करा आणि एका उताराला एकाच नावाचे लावा. शंभर चौरस फुटांना साधारण 140 ते 150 लागतात. कोपऱ्यांसाठी काही जास्तीचे ठेवा.

गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे आणि पडक्या भिंतीच्या मातीचा ढीग, दोन्हींचे काय करावे?
— ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पत्रा ओला करा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा. हातोडी नको, ग्राइंडर तर नकोच, आणि तुकडे रस्त्यात भर म्हणूनही टाकू नका.

मातीचे दोन ढीग करा. बुडाची हातभर माती वेगळी, कारण लोणा तिथे साठतो. ती शेतात पसरा, तिच्यातल्या नायट्रेटचा पिकाला उपयोग होतो. पण खारवट जमीन असेल तर नको. वरची माती चाळून, गव्हाचे कुटार (भुसा) घालून भिजत ठेवा, रोज तुडवा. आठ दिवसांनी विटेएवढा लादा करून सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, बोटाने भुगा झाला तर चिकण माती. लादा नीट निघेपर्यंत भिंत सुरू करू नका.