'च' एक की दोन?

प्रश्न आहे: 'चंद्र'मधला च आणि 'चोर'मधला च खरंच वेगळे, की निव्वळ बोलण्याची सवय? आणि नियम काय?

वेगळे. सवय नव्हे, आणि दंत्य (जीभ दातांमागे टेकवून केलेला) उच्चार 'अशुद्ध' तर मुळीच नव्हे. 'जग मोठं आहे' आणि 'सुखाने जग' मोठ्याने म्हणा. पहिल्यात जिभेचं पातं टाळूकडे चढतं (हा तालव्य), दुसऱ्यात टोक वरच्या दातांमागे टेकतं. बाकी सगळं तेच, अर्थ मात्र बदलला. स्वतंत्र स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारा ध्वनी, मानायला आणखी काय हवं? 'वर्णमालेत एकच ज आहे' हे उत्तर मला देऊ नका; ती वर्णमाला संस्कृतच्या मापाची आहे.

नियम ढोबळ आहे. इ, ई, य यांच्याआधी तालव्य, एरवी दंत्य; 'चिंच' या एका शब्दात दोन्ही सापडतात. तत्सम शब्द तालव्यच राहतात (चंद्र, जन). फारसीतून आलेला नुक्त्याचा (खाली टिंब देऊन लिहितात तो) ज़ आपल्याकडे दंत्य झाला: जोर, बाजार.

खरी गोची 'ए'ची. मोजा दंत्य, पण पायातले मोजे तालव्य. म्हणून ए लागला की तालव्य असं लिहून टाकाल, तर 'तो पैसे मोजेल' आडवं येतं, तिथे दंत्यच. नामाच्या अनेकवचनात ध्वनी बदलतो, क्रियापदात धातूचा ज टिकतो. माझा-माझे आणि वाच-वाचेल हेही तसंच. आकडा 'चार' पुढे आ असूनही तालव्य, कारण जुन्या मराठीत तो 'च्यारि' होता. य गेला, त्याची खूण राहिली. 'गुरं चारणे' मधला च मात्र दंत्य.

कानावर विश्वास नसेल तर 'प्रात' या मोफत प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, काढा. तालव्याचा घर्षणाचा आवाज साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून दिसतो, दंत्याचा त्याहून बराच वर. रेकॉर्डिंग 44,100 हर्ट्झवर करा. साध्या फोनकॉलचं घेऊ नका, तिथे 3,400 हर्ट्झच्या वरचं कापलेलं असतं. म्हणजे नेमका फरकच गायब, आणि मग 'बघा, सारखेच आहेत' म्हणायला लोक मोकळे.

बोलीनुसार काही शब्द इकडचे तिकडे होतात, हे मान्य. आणि छ ला अशी जोडी नाही. प्राकृतातला छ मराठीत थेट स झाला: मच्छ-मासा, उच्छु-ऊस. पण मच्छिआची 'माशी' झाली, कारण पुढे ई.