ऑक्सिजनची वाफ का म्हणत नाहीत?

प्रश्न असा आहे : ‘पाण्याची वाफ म्हणतो, पेट्रोलची वाफ म्हणतो, पण ऑक्सिजनची वाफ कुणीच म्हणत नाही. मग वाफ, बाष्प आणि वायू हे एकाच गोष्टीचे तीन शब्द आहेत की वेगवेगळ्या गोष्टींचे?’

वाफ आणि बाष्प हा मुळात एकच शब्द. संस्कृत ‘बाष्प’ प्राकृतातून झिजत झिजत ‘वाफ’ झाला. (संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूही, शाळेच्या पुस्तकात तो अर्थ शोधू नये.) बोलण्यात वाफच चालते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली आगगाडी वाफेवर चालली, बाष्पावर नव्हे.

मात्र बोलण्यातली वाफ दिसते आणि शास्त्रातलं बाष्प दिसत नाही. टपरीवर उकळत्या किटलीची चोच नीट बघा. चोचीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरं काही असतं ते त्याच्या पुढे. त्या रिकाम्या जागेत आहे ते पाण्याचं बाष्प. पुढचा पांढरा लोट म्हणजे थंड होऊन झालेले बारीक थेंब, म्हणजे चक्क द्रव. मोदकपात्राचं झाकण काढल्यावर उसळते ती वाफही हीच.

आता बाष्प आणि वायू. इथे फरक खरा आहे आणि तो मोजता येतो. प्रत्येक पदार्थाचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या खाली नुसता दाब वाढवून पदार्थाचा द्रव करता येतो. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. खाली असेल तर बाष्प, वर असेल तर वायू. बेलफास्टच्या थॉमस अँड्रूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून १८६९ मध्ये ही रेघ आखली.

ही रेघ बघायला प्रयोगशाळेत जायला नको, सोसायटीच्या जिन्यात जा. पावडरच्या अग्निशामकावर छोटा मीटर असतो, काटा हिरव्या पट्ट्यात हवा. शेजारी काळ्या कर्ण्याचा कार्बन डायऑक्साइडचा नळकांडा असतो, त्याला बहुधा मीटरच नसतो. तो तपासायचा तर वजनकाट्यावर ठेवायचा. का? पावडर ढकलायला आत सहसा नायट्रोजन भरलेला असतो. तो वायू, म्हणून जितका गळेल तितका दाब उतरतो आणि काटा खरं सांगतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आत द्रव आणि त्याच्यावर बाष्प असा असतो. थोडा गळला की तेवढाच द्रव उकळून भरपाई करतो, त्यामुळे २० अंशांना दाब ५७ बारच्या आसपासच राहतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). मीटर लावलाच, तर निम्मा माल गेला तरी काटा जागचा हलणार नाही.

गंमत पुढे आहे. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस, म्हणजे बरोबर मुंबईच्या हवेतलं. जानेवारीच्या पहाटे त्या नळकांड्यात द्रव आणि बाष्प असतं. मे महिन्याच्या दुपारी त्यांच्यातली सीमाच पुसली जाते आणि आत एकच दाट वायू उरतो. नळकांडा तोच, नाव मात्र ऋतूप्रमाणे बदलतं. या टप्प्यावर दाबही झपाट्याने चढतो, म्हणून तो गळ्यापर्यंत भरत नाहीत आणि उन्हात ठेवत नाहीत.

स्वयंपाकघरातलंही असंच. घरचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश, ब्युटेनचं १५२. म्हणून १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये द्रव, वर बाष्प. ज्याला आपण दिवसभर ‘गॅस’ म्हणतो तो काटेकोर अर्थाने वायू नाहीच! शेवटपर्यंत ज्योत तशीच राहते आणि मग एकदम मावळते ती याचमुळे. किती उरलाय ते बघायचं तर ओलं फडकं वरून खाली फिरवा. रिकामा भाग आधी वाळतो. द्रव असलेला भाग सावकाश तापतो, म्हणून ओला राहतो. आणि सिलिंडर कधी आडवा करून वापरू नका. मग नळीत बाष्पाऐवजी द्रव येतो, आणि बाहेर पडल्यावर तो अडीचशेपट पसरतो.

रिक्षातला सीएनजी, म्हणजे मुख्यतः मिथेन, याच्या उलट. मिथेनचं क्रांतिक तापमान उणे ८२ अंशांच्याही खाली, म्हणून २०० बारला दाबला तरी तो वायूच राहतो आणि काटा वापराबरोबर उतरतो. पंपावरून निघाल्यावर थोड्या वेळाने काटा खाली दिसला तर लगेच गळतीची शंका नको. भरताना टाकी तापते, मग निवते, आणि तापमान उतरलं की दाबही उतरतो.

तर ऑक्सिजन. त्याचं क्रांतिक तापमान उणे ११८.६ अंश. आपल्या हवेत त्याचा द्रव दिसणं शक्य नाही, आणि ज्याचा द्रव ओळखीचा त्याचीच ‘वाफ’ म्हणायची आपली रीत आहे : पाण्याची, पेट्रोलची, निलगिरीच्या तेलाची. म्हणून जीभ अडते, आणि ती बरोबर अडते. पण मोठ्या इस्पितळाच्या आवारातल्या उंच पांढऱ्या टाकीत द्रव ऑक्सिजन असतो. त्या द्रवावर जे साठतं त्याला ‘ऑक्सिजनचं बाष्प’ म्हणणं अगदी शुद्ध. ‘वाफ’ मात्र तिथेही कानाला खटकेल.

लिहिताना : सुटा शब्द ‘वायू’, ‘वायूचा दाब’, पण समासात ‘वायुदाब’, ‘वायुरूप’. ‘भाष्प’ आणि ‘बाष्पिभवन’ दोन्ही चूक, बाष्प, बाष्पीभवन. आणि वायूचा असतो तो दाब. ‘दबाव’ माणसांवर येतो.